विंध्याच्या कड्यावरचे परतीचे वादळ

इंदूरहून दक्षिणेस निघून महूची छावणी मागे टाकली आणि आणखी थोडी वाट सरली, की माळव्याची काळी, सपाट, कंटाळा यावा इतकी शांत भूमी एकाएकी संपते आणि विंध्याचा कडा खाली निमाडात उतरतो. कड्याच्या वरच्या अंगास समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले इंदूर, खालच्या अंगास अवघ्या दीडशे मीटरांच्या आसपास असलेले नर्मदाकाठचे महेश्वर, आणि दोहोंच्या मधल्या धारेवर साडेआठशे मीटरांच्या वर मस्तक काढलेला जानापावचा डोंगर, अशी येथील रचना आहे. सह्याद्रीचे कडे पाहून ज्याचे डोळे निवले आहेत अशा दक्षिणी माणसाच्या तोंडून यास पर्वत हा शब्द निघेल की नाही, याची मला शंका आहे. परंतु पर्वताची योग्यता केवळ उंचीवरून ठरत नाही. जानापावच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस चंबळ आणि गंभीर यांच्या वाटेने यमुनेस, तेथून गंगेस आणि अखेर बंगालच्या उपसागरास जाऊन मिळतो, तर त्याच डोंगररांगेच्या दक्षिणेस पडलेले पाणी चोरलसारख्या लहान नद्यांनी नर्मदेत उतरून खंबायतच्या आखाताकडे धावते. एकाच ढगाच्या पाण्याची अशी वाटणी जेथे होते, तो कडा हवामानाच्या दप्तरातही मानाचे स्थान मिळवून बसला असल्यास नवल नाही.

भाद्रपद सरत आला आणि सूर्य उत्तरा नक्षत्रातून हस्ताकडे निघाला, म्हणजे या कड्यावर वर्षातले अखेरचे मोठे वादळ येण्याची वेळ होते. ते दरसाल न चुकता येते असे नाही. एखाद्या वर्षी पावसाळा कोणास न कळवता निघून जातो, आणि एखाद्या वर्षी जाता जाता अशी हजेरी लावतो की आषाढ-श्रावणातील त्याची सारी हयगय विसरून जावी. असे वादळ दोन-तीन दिवस कोसळून ओसरले, की इंदुरातल्या वडीलधाऱ्या बायका रजया उन्हात टाकण्याची भाषा बोलू लागतात आणि आता थंडी आलीच असे जो तो एकमेकांस सांगतो. वादळ गारवा घेऊन येते, हा समज येथे इतका मुरलेला आहे की त्याविरुद्ध काही बोलणे म्हणजे आगाऊपणा ठरावा. तरीही तो अर्धाच खरा आहे. वादळाच्या दिवशी लागणारा गारवा उसना असतो. माळव्याच्या वाट्याला खरोखर येणारा शीतळपणा वादळ निघून गेल्यानंतर, त्याने मागे ठेवलेल्या ओलीतून आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या कोरड्या हवेतून हळूहळू साकार होतो, आणि म्हणून या वादळाचा हिशेब ते कोसळत असताना मांडून उपयोगाचे नाही.

२०२३ सालचे उदाहरण अद्याप अनेकांच्या स्मरणात असेल. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत साऱ्या देशासाठी सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीहून छत्तीस टक्के पाऊस कमी पडला. माळव्यातले सोयाबीन ऐन शेंगा भरण्याच्या वेळी पिवळे पडू लागले, आणि ४ सप्टेंबर रोजी मध्य प्रदेशाचे तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी उज्जयिनीस जाऊन महाकालेश्वरापुढे पावसासाठी साकडे घातले. त्यानंतर पंधरवडा लोटण्याच्या आत बंगालच्या उपसागराच्या वायव्य कोपऱ्यात कमी दाबाचे एक क्षेत्र तयार झाले, ओडिशा आणि छत्तीसगड पार करून मध्य प्रदेशात शिरले, आणि १५ सप्टेंबरच्या रात्रीपासून इंदुरावर असे बरसले की एका अहोरात्रात सहा इंचांहून अधिक पाणी पडले. ज्या शहराचा वर्षाचा सरासरी पाऊस सदतीस इंचांच्या आसपास आहे, तेथे एका दिवसात वर्षाच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक पाऊस पडणे म्हणजे काय, हे सखल वस्त्यांतील रहिवाशांस वेगळे सांगावयास नको. कड्याखाली तर याहून कठीण प्रसंग होता. ओंकारेश्वराजवळ नर्मदा चढली, मोरटक्क्याच्या पुलावरून पाणी जाऊन इंदूर-खंडवा मार्गावरची वाहतूक बंद पडली, आणि १७ सप्टेंबर रोजी सरदार सरोवरातून सोडलेल्या पाण्याने खाली गुजरातेत भडोच आणि अंकलेश्वर या शहरांत हाहाकार उडवला. साकडे घालणाऱ्याने प्रमाण सांगावयाचे राहून गेले, असे त्या वेळी इंदुरातील एखाद्या विनोदी माणसास वाटले असेल तर त्यास फार दोष देता येणार नाही.

पूर्वेच्या समुद्रात जन्मलेल्या वादळाने हजार-बाराशे किलोमीटर जमीन तुडवून पश्चिमेच्या माळव्यात येऊन एवढे पाणी का टाकावे, असा प्रश्न साहजिक आहे. कमी दाबाच्या क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात, आणि पावसाळी हंगामातील अशा क्षेत्रांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांचा सर्वांत जोराचा पाऊस केंद्राखाली न पडता केंद्राच्या नैर्ऋत्येस पडतो. केंद्र जबलपूर-सागरच्या बाजूस असले, म्हणजे इंदूर आणि त्याखालचा विंध्य नेमके या नैर्ऋत्य भागात येतात. तेथे वारा पश्चिमेकडून वाहत असल्याने अरबी समुद्राकडील बाष्पही त्याच्या हाती लागते. हा ओला वारा नर्मदेच्या खोऱ्यातून वर येऊन कड्यावर आदळतो, वर चढणे त्यास भाग पडते, चढताना तो निवतो, आणि निवताना त्याच्यातील बाष्पाचे पाणी होते. थोडक्यात, पूर्वेचे वादळ, पश्चिमेचे बाष्प आणि मधला डोंगर अशी तिघांची भागीदारी जमली म्हणजे इंदूरची झोप उडते. अशा दिवशी जानापावचे शिखर ढगांत पूर्णपणे नाहीसे झालेले असते, आणि पाताळपाणीचा धबधबा, जो उन्हाळ्यात पाहिला तर त्यास धबधबा का म्हणतात असा प्रश्न पडावा, तो गढूळ पाण्याने भरून असा गर्जतो की त्याच्याजवळ जाण्याचे धाडस शहाण्याने करू नये.

वादळाच्या दिवशी हवा गार होते, हे खरेच आहे, आणि त्याची कारणे उघड आहेत. दाट ढगांनी सूर्य झाकलेला असतो, त्यामुळे जमीन तापत नाही. पावसाचे थेंब वरच्या थंड थरांतून येतात, कधी कधी गारांच्या रूपाने निघून वाटेत वितळतात, आणि खाली येताना त्यांचा काही अंश पुन्हा बाष्प होऊन उडतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हावयास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती भोवतालच्या हवेतूनच घेतली जाते. गडगडाटी पावसाच्या आधी जो थंडगार झोत अंगावर येतो आणि दारे-खिडक्या आपटवून जातो, तो अशा रीतीने निवून जड झालेल्या आणि म्हणून खाली कोसळलेल्या हवेचा असतो. परंतु ही हवा मुळात उष्ण कटिबंधातलीच. ढग फाकले आणि दोन दिवस कडक ऊन पडले, की ती पुन्हा तापते. जमिनीतील ओल तिच्यात मिसळून उकाडा होतो, आणि रजया काढणारी मंडळी पुन्हा पंख्याखाली बसतात. आकडेही हेच सांगतात. इंदुरात दुपारचे सरासरी तापमान ऑगस्टापेक्षा सप्टेंबरात आणि सप्टेंबरापेक्षा ऑक्टोबरात अधिक असते. ऑक्टोबरात ते बत्तीस अंशांच्या वर जाते.

युरोपातील आल्प्स किंवा अमेरिकेतील रॉकी पर्वतांकडे पाहिले म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथे शरदाच्या प्रारंभी येणारे वादळ हे उत्तरेकडील थंड हवा आणि दक्षिणेकडील उबदार हवा यांच्या सीमारेषेवर निर्माण झालेले असते, आणि ते पुढे सरकले की त्याच्या मागे ध्रुवाकडची हवा खरोखरच चालून येते. सकाळी शेतात घाम गाळणाऱ्या माणसास संध्याकाळी शिखरांवर हिम दिसावे, असा तेथील प्रकार आहे. आपल्याकडे हिमालयात पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे असे घडते; नोव्हेंबर २०१८ च्या प्रारंभी काश्मिरात अकाली बर्फ पडून, फळे आणि पाने अद्याप अंगावर असलेली सफरचंदाची झाडे मोडून पडली होती, ती याच जातीच्या वादळाने. विंध्याच्या वादळापाशी असे बाहेरून आणलेले शीत भांडवल नाही. त्यास जे करावयाचे ते पाणी आणि आकाश या दोनच साधनांनी.

त्यांतील आकाशाची गोष्ट आधी सांगतो. वादळ निघून गेले आणि पाऊस पुन्हा आला नाही, तर राजस्थानावर वातावरणाच्या खालच्या थरांत अधिक दाबाचे क्षेत्र जमते, वारे वायव्येकडून वाहू लागतात, आणि हवेतील बाष्प दिवसागणिक कमी होत जाते. पाच दिवस पाऊस नाही, खालच्या थरांत हे अधिक दाबाचे क्षेत्र बसले आहे आणि बाष्प उतरले आहे, अशी तिहेरी खातरजमा झाल्यावरच हवामान खाते मोसमी पाऊस परतू लागल्याचे जाहीर करते. पश्चिम राजस्थानातून ही माघार साधारण १७ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि माळव्यात ती महिनाअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोहोचते. पावसाने धूळ धुऊन काढलेली असते, ढग नसतात, बाष्प नसते. दिवसा मिळवलेली उष्णता रात्री जमिनीतून निघून अडथळ्यावाचून आकाशात जाते. म्हणून येथे दुपार तापत असतानाच रात्र थंड होत जाते: सप्टेंबरात एकवीस-बावीस अंशांपाशी असलेले पहाटेचे तापमान ऑक्टोबरात अठराच्या आणि नोव्हेंबरात चौदाच्या जवळ येते. इंग्रजी फौजेचा अधिकारी सर जॉन माल्कम, ज्याने होळकरांशी झालेल्या १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर महूस छावणी घातली, त्याने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात माळव्याची हवा सौम्य असल्याचे सांगताना, वर्षाच्या उत्तरार्धात सकाळ आणि मध्यान्ह यांच्या तापमानात मोठे अंतर पडते याचीही नोंद केली आहे. त्याच १८१८ साली होळकरांची राजधानी नर्मदाकाठ सोडून वर इंदुरास आली. या स्थलांतराची कारणे राजकीय होती हे इतिहासास मान्य आहे, पण निमाडातला उन्हाळा आणि माळव्यातली रात्र ज्याने अनुभवली आहे, त्यास हा निर्णय हवामानाच्या दृष्टीनेही चुकला असे म्हणता येणार नाही. पाताळपाणी आणि काळाकुंड यांच्यामधल्या जुन्या घाटात आजही पर्यटकांसाठी लहान गाडी चालते. शरदातल्या संध्याकाळी तीतून वर येताना हवेतील फरक अंगास समजतो.

सूर्याच्या बाजूने हा पालट पाहावयाचा असेल तर इंदूरपासून पंचावन्न किलोमीटरांवर उज्जयिनीस जावे. तेथील वेधशाळा जयपूरच्या सवाई जयसिंगाने, तो माळव्याचा सुभेदार असताना, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तीतील नाडीवलय यंत्रास दोन तबके आहेत. सूर्य उत्तर गोलार्धात असतो तेव्हा उत्तरेकडील तबकावर ऊन पडते, आणि २३ सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर ते दक्षिणेकडील तबकावर पडू लागते. वर्षाच्या हिशेबाचे पान येथे जणू उलटलेले दिसते, आणि पुढील सहा महिने ते तसेच राहते. अर्थात ऋतूने ही तारीख मुकाट्याने पाळावी असा कोणाचा हुकूम नाही. पाऊस दहा-पंधरा दिवस मागेपुढे करतो, आणि या दिवसांतले उत्सव त्या अनिश्चिततेतच पार पाडावे लागतात. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात; हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली तरी तेथील कामगारांनी ती परंपरा सोडली नाही, मग पावसाच्या सरीने ती काय सुटणार! पितृपक्षात मुली भिंतींवर शेणाची संजा काढतात आणि एक जोराची सर ती धुऊन नेते. पुढे हस्त नक्षत्र लागले की मराठी घरांत पाटावर हत्ती काढून भोंडला होतो, खिरापत कोणती हे ओळखण्यावरून तंटे होतात, आणि त्याच वेळी नक्षत्राने आपल्या कीर्तीस साजेशी गर्जना केली तर मुली आपला फेर ओसरीत हलवतात.

आता पाण्याची गोष्ट, जी मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. माळव्याची काळी माती दख्खनच्या लाव्हारसाच्या खडकापासून झालेली आहे. भिजली की ती फुगते, वाळली की तिला हातभर खोल भेगा पडतात, आणि एकदा पोटभर प्यायली की महिनोन् महिने ती ओल धरून ठेवते. जुना माळवी शेतकरी या गुणावरच जगत असे. आपल्या जमिनीचा मोठा भाग तो पावसाळ्यात मुद्दाम रिकामा ठेवी, उघाड मिळेल तेव्हा वखर घालून तण मारी, आणि वर्षाचा पाऊस मातीत मुरवून ऑक्टोबराअखेरीस त्यावर कोरडवाहू गहू पेरी. बाफले या माळवी पदार्थास ज्याच्या पिठावाचून खरी चव येत नाही तो कठीण दाण्याचा गहू आणि हरभरा ही पिके परतीच्या पावसाने जमिनीत ठेवलेल्या ठेवीवर वाढत. अशा शेतकऱ्यास हस्तातले वादळ म्हणजे वरदान होते. वर उभे पीक थोडे, म्हणून नुकसान थोडे. जे पडेल ते सारे खाली जमा. परगण्याच्या कमाविसदारास त्या वर्षीचा वसूल कसा येईल याचा अंदाज बांधावयाचा असेल तर त्याने दसऱ्याच्या आधीचा हा पाऊस पाहावा आणि निश्चिंत व्हावे, अशी ती व्यवस्था होती.

ती व्यवस्था सोयाबीनने मोडली. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत या पिकावर काम केले, आणि पावसाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या काळ्या जमिनीत तीन-साडेतीन महिन्यांत रोख पैसा देणारे पीक घेता येते हे दिसल्यावर माळव्याने ते हातोहात स्वीकारले. सोयाबीनच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९८७ साली इंदुरातच स्थापन झाली, ती उगाच नव्हे. या बदलाने शेतकऱ्याच्या घरात पैसा आला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र लवकर येणाऱ्या वाणांची कापणी मध्य सप्टेंबरापासून आणि इतरांची ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होत असल्याने, ज्या पंधरवड्यात आजोबा आभाळाकडे आशेने पाहत, त्याच पंधरवड्यात नातू भयाने पाहू लागला. पिकलेल्या शेंगा भिजून पुन्हा वाळल्या की तडकतात आणि दाणे मातीत सांडतात. कापून ठेवलेल्या गंजीत पाणी शिरले की शेंगेतच दाण्यास मोड येतात, उरलेला दाणा काळवंडतो आणि मंडीत त्याचा भाव पडतो. आणि जो दाणा वरून चांगला दिसतो त्याची उगवणशक्ती गेलेली असल्याने पुढच्या वर्षाचे घरचे बियाणेही बुडते. तेच आकाश आणि तीच तिथी असून वादळाचा अर्थ मात्र पन्नास वर्षांत उलटा झाला.

२०२३ च्या सप्टेंबरात हे द्वंद्व एकाच गावात दिसत होते. ज्याने उशिरा पेरलेले किंवा उशिरा येणारे वाण लावले होते, त्याच्या सुकत चाललेल्या शेंगा त्या पावसाने वाचवल्या. ज्याचे लवकर येणारे वाण पिकून उभे होते, त्याच्या हाती भिजलेले पीक आले. सरकारदरबारी दोघांची कैफियत एकाच रकान्यात बसत नाही. २०१६ पासून चालू असलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत, कापून शेतात पसरलेल्या पिकाचे अवकाळी पावसाने नुकसान झाल्यास कापणीपासून चौदा दिवसांपर्यंत संरक्षण आहे, परंतु नुकसानीची इत्तला बहात्तर तासांच्या आत द्यावी लागते. आणि ज्या बहात्तर तासांत रस्ता पाण्याखाली, वीज गेलेली आणि पटवारी दुसऱ्याच गावी अडकलेला, तेच बहात्तर तास नियमाने मोजले जातात. हा नियम करणाऱ्याने एकदा तरी परतीच्या पावसात काळ्या मातीतून पायी चालून पाहावे, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

एवढे होऊनही माळव्याचा शेतकरी या वादळाचा सर्वस्वी द्वेष करीत नाही, कारण सोयाबीन निघाल्यावर त्याच जमिनीत त्यास गहू आणि हरभरा पेरावयाचा असतो. गव्हाच्या उगवणीस सरासरी वीस-बावीस अंशांची हवा मानवते, म्हणून रात्री निवेपर्यंत तो थांबतो. आणि तोवर मातीत परतीच्या पावसाची ओल टिकली असेल, तर पेरणीपूर्वी शेत भिजवण्याची एक पाळी वाचते. ही एक पाळी वाचणे म्हणजे किती, हे समजण्यासाठी कड्याखाली पाहावे. इंदूर शहर १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी पंपांनी उचलून पीत आले आहे, आणि २०१४ साली हेच नर्मदाजल सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्यात आले. विंध्याच्या धारेवर पाणी चढवण्यास दर घोटामागे विजेचे बिल येते. हस्तातले वादळ तेच पाणी त्याच धारेवर एका रात्रीत आणून टाकते, आणि ज्यांची गंजी ताडपत्रीखाली सुखरूप असेल, त्यांच्याकडून त्यासाठी काही मागत नाही.